विरोध करणारा वैरी नव्हे

एखाद्या बैठकीत कुणी उठून 'हिशेब दाखवा' म्हटले की 'हा नेहमीचाच आडवा' असे म्हणून त्याला खाली बसविले जाते. शतकानुशतके आपल्या पूर्वजांवर मान खाली घालून 'होय जी' म्हणण्याची सक्ती होती. ती सवय इतकी मुरली की 'नाही' म्हणणारा आपल्यालाही वैरी वाटू लागला. पण ज्या समाजाने धर्माच्या नावाने लादलेल्या गुलामीला 'नाही' म्हटले, त्याने तरी या शब्दाची किंमत ओळखली पाहिजे.

पूज्य बाबासाहेबांनी ती ओळखली होती. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या भाषणात लोकशाहीच्या यशाच्या अटी सांगताना त्यांनी विरोधी पक्षाचे अस्तित्व ही एक अट मानली. लोक दर पाच वर्षांनी सत्तेला जाब विचारतात. पण मधल्या काळात रोजचा जाब कोण विचारणार? तो विरोधी पक्षाने विचारायचा. इंग्लंड आणि कॅनडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार मिळतो, हेही त्यांनी त्या वेळी सांगितले.

भारतात असा कायदा १९७७ साली झाला. त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले होते. येथे कुणी विचारील, सरकारला विरोध करणाऱ्याला सरकारी तिजोरीतून पगार कशासाठी? उत्तर सोपे आहे. तिजोरी सरकारची नाही, लोकांची आहे. राखणदारावर नजर ठेवणारा माणूसही धन्यालाच नेमावा लागतो.

ही जागा रिकामी राहिली म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले. २०१४ ते २०२४ या काळात लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. सत्तेबाहेरच्या कोणत्याही पक्षाला सभागृहाच्या एक दशांश जागा मिळाल्या नव्हत्या. लोकपालाचा कायदा २०१३ चा. निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा आणि तो तर नाही, अशी अडचण सरकारने न्यायालयात सांगितली. २०१७ साली न्यायालयाने नेमणूक अडविण्याचे कारण नाही असे सांगितले, तरी पहिला लोकपाल नेमला गेला तो २०१९ साली.

बंधुभगिनींनो, ही रीत केवळ परदेशातून आलेली नाही. भिक्खुसंघात उपसंपदा देताना ठराव मांडून तीनदा पुकारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने मौन पाळावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असा नियम होता. बोलण्याचे आमंत्रण असहमताला होते! संघात मतभेद उरला तर शलाका वाटून मते घेतली जात. संसदीय पद्धतीचे नियम संघाला ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत ठणकावून सांगितले.

मात्र विरोधकावरही बंधन आहे. तथागतांनी सुभाषिताची लक्षणे सांगितली: बोलणे वेळेवर, खरे, सौम्य, हिताचे आणि मैत्रीच्या चित्ताने असावे. खुर्ची मिळेपर्यंत केलेला आरडाओरडा म्हणजे विरोध नव्हे. सरकारचे चांगले काम मान्य करणे, चुकीवर बोट ठेवणे आणि पर्याय मांडणे, ही त्याची तीन कामे.

संसदेतले हे शील आधी आपल्या विहाराच्या समितीत, मंडळात आणि घरात रुजले पाहिजे. पुढच्या बैठकीत हिशेब विचारणाऱ्याला बसायला सांगू नका. त्याला वही दाखवा. घरात मुलगी किंवा सून वेगळे मत मांडील, तेव्हा तिचे ऐकून घ्या. जेथे 'नाही' म्हणता येत नाही, तेथल्या 'होय'ला काय अर्थ?