आडवाटेची गाडी आणि तिच्या पायऱ्या

आडवाटेनें जाणारी गाडी विकत घ्यावयाची असें एकदां ठरलें, म्हणजे घेणाराच्या मनांतील मुख्य प्रश्न सुटला असें बाहेरच्या माणसास वाटतें. वस्तुतः खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. गाडीचें नांव ऐकून घेऊन दुकानदार लगेच विचारतो, "कोणतें मॉडेल?" आणि एकाच सांगाड्याच्या, एकाच नांवाच्या गाडीच्या दोन, चार, कधीं सहा पायऱ्या कागदावर मांडून दाखवितो. सर्वांत खालचें तें बेस मॉडेल, सर्वांत वरचें तें टॉप मॉडेल, आणि मधलीं मध्यें. घेणारा घरून निघतो तो गाडी निवडण्याकरितां. दुकानांत त्याला स्वतःची पायरी निवडावी लागते. हा फरक लहान नाहीं. गाडी कोणती घ्यावी याचें उत्तर रस्ता देऊं शकतो. पायरी कोणती घ्यावी याचें उत्तर मात्र मनुष्य स्वतःस काय समजतो यावर अवलंबून राहूं लागतें. म्हणून निव्वळ व्यापाराच्या दिसणाऱ्या या गोष्टीचा नीतीच्या दृष्टीनें विचार करणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

ज्या गाडीपासून हा सारा वंश निघाला तिला पायऱ्याच नव्हत्या. सन १९४१ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेंत विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या युद्धाकरितां बांधल्या. दारें नाहींत, छप्पर कापडाचें, इंजिन साठ अश्वशक्तीचें, आणि चारी चाकांस बळ पोंचविण्याची सोय, एवढाच तिचा संसार. शिपाई बसला तरी तीच गाडी व सेनापति बसला तरी तीच. युद्धानंतर चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीनें मुंबईंत जी जीप जोडण्यास आरंभ केला तीहि याच कुळांतली. पायऱ्यांची कल्पना आली ती शहरी मोटारींच्या धंद्यांतून. हेन्री फोर्डनें 'मॉडेल टी' ही एकच गाडी वर्षानुवर्षें विकली, आणि १९१४ ते १९२५ पर्यंत तर ती एकट्या काळ्या रंगांतच मिळे. उलट जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनीं १९२४ सालीं आपल्या भागधारकांपुढें जें धोरण मांडलें त्याचा आशय असा कीं, ज्याची जशी थैली व ज्याचें जसें काम तशी गाडी त्याच्यासाठीं आपल्याकडे असावी. शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत एक जिनाच त्यांनीं उभा केला. १९२७ सालीं 'मॉडेल टी' बंद पडली. जिना मात्र राहिला, आणि पुढें तो एकेका गाडीच्या पोटांतहि शिरला.

पायऱ्या म्हटल्या कीं सर्व सारख्याच निंद्य, असें आमचें म्हणणें नाहीं. आडवाटेच्या गाड्यांपुरतेंच बोलावयाचें तरी त्यांत निदान तीन जाती स्पष्ट दिसतात.

जून २०२३ मध्यें मारुती सुझुकीची पांच दारांची जिम्नी भारतांत विक्रीस आली, ती 'झेटा' व 'अल्फा' अशा दोन पायऱ्यांत. दोहोंचें दीड लिटरचें इंजिन एकच. चारी चाकांस बळ देण्याची व लो रेंजची सोय दोहोंस सारखी. सहा एअरबॅग दोहोंत. वरच्या पायरीस अधिक काय, तर अलॉय चाकें, अधिक प्रखर दिवे, मोठा पडदा, गति आपोआप स्थिर राखण्याची व हवा आपोआप थंड ठेवण्याची युक्ति. त्या वेळच्या भावानें हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत हा फरक सुमारें पंचाण्णव हजारांचा होता. येथें दुकानदार घेणारास स्वच्छ सांगतो कीं, बाबा, जावयाचें तेथें दोन्ही गाड्या जातील. जातांना किती सुख हवें एवढेंच तूं ठरव. या व्यवहारांत आम्हांस दोष दिसत नाहीं.

दुसरी जात जीप रँग्लरच्या 'रुबिकॉन' पायरीची. कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतांत रुबिकॉन नांवाची एक प्रसिद्ध खडकाळ वाट आहे. तिचें नांव घेऊन ही पायरी सन २००३ च्या सुमारास निघाली. पुण्याजवळच्या रांजणगांवच्या कारखान्यांत २०२१ पासून रँग्लरची जोडणी होऊं लागली, तींतहि ही पायरी होती. येथें अधिक पैसे मोजून मिळतें तें सामर्थ्य. पुढच्या व मागच्या दोन्ही कण्यांच्या डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय हा त्यांतला मुख्य भाग. ज्यांस हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. म्हणून एकाच कण्यावरील दोन चाकांस निरनिराळ्या गतीनें फिरूं देणारें जें यंत्र असतें तें डिफरन्शियल. हमरस्त्यावरचा हा त्याचा गुण आडवाटेवर दोष ठरतो. एक चाक चिखलांत किंवा अधांतरीं राहिलें कीं तेंच गरगर फिरत राहतें, आणि जमिनीस घट्ट टेकलेलें दुसरें चाक स्वस्थ बसतें. जेथें विरोध नाहीं तिकडे सारें बळ वाया जातें, हा न्याय यंत्रशास्त्राबाहेरहि पुष्कळ ठिकाणीं लागू पडेल. कुलूप घातलें म्हणजे दोन्ही चाकें बांधलीं जातात व गाडी निघते. ज्यास खरोखर खडकांवर चढावयाचें आहे त्यानें ही वरची पायरी घेतली तर त्यास उधळ्या म्हणणें हा अन्याय होईल.

तिसरी जात मात्र विचार करावयास लावणारी आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें महिंद्रांची थार रॉक्स बाजारांत आली. तिच्या सर्व पायऱ्यांत सहा एअरबॅग ठेवल्या, ही गोष्ट मोकळेपणानें वाखाणण्यासारखी. पण चारी चाकांचें बळ? तें डिझेलच्या वरच्या पायऱ्यांपासूनच मिळूं लागलें. त्या वेळीं खालची पायरी १२ लाख ९९ हजारांची होती. चारी चाकांची पहिली गाडी १८ लाख ७९ हजारांची होती. आतां या दोन आंकड्यांमधील अंतर केवळ जास्तीच्या यंत्राचें नव्हे. त्यांत इंजिनाचा फरक आहे, आणि त्याबरोबर सनरूफ, गुळगुळीत गादी व मोठीं अलॉय चाकेंहि घेणाराच्या पदरीं पडतात. डोंगरांत शेत असलेला एखादा शेतकरी म्हणाला कीं, मला छपराला खिडकी नको, चिखलांतून निघणारीं चार चाकें हवींत, तर त्याच्यासाठीं त्या जिन्यावर पायरी नाहीं. कारखान्याची बाजू अशी कीं, असे गिऱ्हाईक थोडे, व प्रत्येकाच्या लहरीप्रमाणें निराळी गाडी बांधूं लागल्यास खर्च सर्वांचाच वाढेल. ही बाजू अगदींच पोकळ नाहीं. तथापि या रचनेंत गरज आणि शृंगार यांची एकाच दोरीनें मोळी बांधली जाते, आणि गरज असणारास शृंगाराचेंहि मोल द्यावें लागतें, हें नाकारतां येत नाहीं.

या प्रश्नाचा एक अंधारा कोपरा फार पूर्वीं एका फ्रेंच इंजिनिअरनें उजेडांत आणला होता. झ्यूल द्युपुई हें त्याचें नांव. त्या काळीं आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या कित्येक डब्यांना छप्पर नसे, व बसावयास नुसत्या फळ्या असत. लोक म्हणत, कंपन्यांस गरिबांचा द्वेष आहे. १८४९ सालीं द्युपुईनें दाखवून दिलें कीं, यांत द्वेषहि नाहीं व छपराच्या खर्चाची काटकसरहि नाहीं. छप्पर घालण्यास चार पैसे पडले असते. पण मग दुसऱ्या वर्गाचें भाडें देऊं शकणारा उतारूहि तिसऱ्यांत बसला असता. त्याला भिवविण्याकरितां गरिबास भिजविलें जात होतें. आमच्या मतें कोणत्याहि जिन्याच्या नीतीची कसोटी येथें सांपडते. खालच्या पायरीवर एखादी वस्तु नाहीं, ती घालण्यास पैसे पडतात म्हणून नाहीं, कीं तिची उणीव टोंचावी म्हणून नाहीं? पहिली गोष्ट व्यापार होय. दुसरीस निराळें नांव शोधावें लागेल. सन २०२२ मध्यें बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें कांहीं देशांत असा प्रकार चालविला होता कीं, गादी ऊन करण्याची तार गाडींत बसविलेलीच असे, पण मासिक वर्गणी भरल्याखेरीज ती चालत नसे. येथें खर्चाची सबबहि उरली नव्हती. लोकांत नाराजी झाली आणि पुढील वर्षीं कंपनीनें गादीपुरता हा प्रकार सोडून दिला. लोक रागावले ते वर्गणीच्या रकमेमुळें, असें आम्हांस वाटत नाहीं. जवळ असलेली वस्तु मुद्दाम बांधून ठेवलेली पाहिली म्हणजे मनुष्यास जो अपमान वाटतो तो तो होता.

जीवरक्षणाच्या साधनांची गोष्ट तर सर्वस्वीं निराळी आहे. आपल्या देशांत चालकापुढील एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, व त्याच्या शेजाऱ्यापुढील त्यानंतर दोन-अडीच वर्षांत. म्हणजे मधल्या काळांत एकाच गाडींत शेजारीं बसलेल्या पति-पत्नींपैकीं एकाच्या जिवाची काळजी कायद्यास होती, व दुसऱ्याची पायरीवर सोंपविली होती! सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा विचार २०२२ सालीं निघाला, लांबणीवर पडला, व २०२३ सालीं सोडून देण्यांत आला. सुखाच्या साधनांविषयीं घेणाराला म्हणतां येतें कीं, माझें सुख, माझी थैली. परंतु मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलानें किंवा आजीनें पायरी निवडलेली नसते. त्यांच्या वतीनें निवडणारानें पडद्याची रुंदी पाहावी आणि एअरबॅगांची संख्या विचारूं नये, हें आम्हांस समजत नाहीं. शिवाय जें साधन प्रत्येक पायरीवर मिळतें त्याची कोणी कदर करीत नाहीं, हाहि एक चमत्कारिक मनोधर्म आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें पालघरजवळ उंची गाडीच्या अपघातांत एका प्रसिद्ध उद्योगपतींचा अंत झाला. मागें बसलेल्यांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. पट्टा हा बेस मॉडेलांतहि असतो.

आतां घेणाराच्या मनाकडे वळूं. टॉप मॉडेल घेणारा मनुष्य बहुधा एक नसतो, दोन असतात. एक रोज कचेरींत जाणारा, पुलाखालच्या गर्दींत अर्धा तास थांबणारा, कर्जाचा हप्ता भरणारा. दुसरा पुढच्या उन्हाळ्यांत लडाखला जाणारा. गाडी निवडतो दुसरा आणि पैसे भरतो पहिला. यावर आक्षेपक म्हणतील कीं, स्वप्न विकत घेण्यांत पाप कसलें? ज्यानें जन्मभर लोकलच्या डब्यांत धक्के खाल्ले त्यानें पन्नाशींत एखादी न वापरतां येणारी शक्ति दाराशीं उभी करून ठेवली, तर त्याला हिशेब विचारणारे तुम्ही कोण? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, एका अटीवर. स्वप्न त्याचें स्वतःचें असावें. वापर नाहीं म्हणून वस्तु निरुपयोगी होत नाहीं. विहिरीचा तळ वर्षांतून एखाद्याच महिन्यांत लागतो, म्हणून ती उथळ खणावी असें कोणी म्हणत नाहीं. परंतु पुष्कळ वेळां जें स्वप्न म्हणून सांगितलें जातें तें शेजाऱ्याच्या नजरेचें भय असतें. थॉर्स्टाईन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालीं दिखाऊ खर्चावर जें लिहिलें त्यास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं, तरी आमच्या सोसायट्यांच्या आवारांत तें जुनें झालेलें नाहीं.

आडवाटेच्या गाडीपुरती या दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तिचे खरे गुण दिसत नाहींत. लो रेंजचा गिअर, डिफरन्शियलचें कुलूप, पोटाखालील जाड पत्रा, हें सारें गाडीखालीं वाकून पाहणारासच कळावयाचें. दिसतात तीं अलॉय चाकें, छपराची खिडकी, दारावरील पितळी रंगाचीं अक्षरें. जी वस्तु कोणासहि दिसणार नाहीं अशी खात्री असतांहि ज्याला हवीशी वाटते, त्याचें स्वप्न खरें समजण्यास हरकत नाहीं.

आणि गंमत अशी कीं, प्रत्यक्ष आडवाटेस हा जिना मान्य नाहीं. दगडावर आदळलें तर लोखंडी रिम वांकतें, व गांवचा लोहारहि तें हातोड्यानें ठोकून कामापुरतें सरळ करूं शकतो. अलॉय चाक तडकतें आणि तेथें त्यास औषध नाहीं. चाकाचा घेर लहान व टायरची भिंत उंच असली म्हणजे हवा कमी करून वाळूंतून जाणें सोपें पडतें. मोठ्या शोभिवंत चाकांवरील पातळ टायरला तें जमत नाहीं. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या लाल चिखलांतून परतलेली गाडी आंतून धुवावयाची असेल तर साध्या रबरी तळाइतकें सोयीचें दुसरें कांहीं नाहीं. चालविणाराचें कौशल्य तर कोणत्याच पायरीवर विकत मिळत नाहीं, आणि विवेकहि नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें लाहौलच्या चंद्रा नदीच्या पात्रांतून एकानें केवळ हौसेखातर अशी गाडी हांकली. पोलिसांनीं त्यास दंड केला. गाडीच्या सामर्थ्याबद्दल तेथें तक्रार करण्यास जागाच नव्हती.

राहतां राहिली दुकानांतील गोष्ट. दर्शनी भागांत झळकत उभें असतें तें बहुधा टॉप मॉडेल असतें. बेस मॉडेल नुसत्या कागदावर, फुल्यांच्या रांगेंत. म्हणजे तुलना होते ती एका गाडीची व एका कोष्टकाची, आणि त्यांत कोष्टक जिंकल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. घेणारानें खालची गाडीहि प्रत्यक्ष दाखविण्याचा आग्रह धरावा. तो त्याचा हक्क आहे. ती दुसऱ्या गांवच्या दुकानांतून आणावी लागेल व चार दिवस थांबावें लागेल, असें सांगण्यांत आलें तर थांबावें. तेवढ्या अवधींत ही गाडी न्यावयाची तरी कोठें, याचा कांहीं ना कांहीं निकाल घरांत लागलेला असतो.