परतीचा ट्रक

वैनगंगेकाठच्या वडशाला धानाच्या गिरण्या आहेत. तांदूळ पोचवून एखादा ट्रक नागपुराहून रिकामा परतत असला, की बदली होऊन इकडे येणाऱ्या मास्तराचा संसार त्यात कमी भाड्यात येऊ शकतो. यात कोणी कोणाला लुबाडले असे मला वाटत नाही. ट्रक तसाही येणारच होता. ट्रकवाल्याचे डिझेल सुटले, मास्तराचे चार पैसे वाचले.

पण सवलतीची चटक वाईट. भाडे निम्मे ठरले, की तोच हिशेब आपण हमालालाही लावू पाहतो. लोखंडी कपाट मात्र परतीच्या ट्रकमधून उतरवतानाही तेवढेच जड असते. कोणी म्हणेल, हमालही रिकामाच बसला होता. खरे, पण रिकाम्या ट्रकला भूक लागत नाही.

माथाडी व हमाल यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. परंतु आपल्या दाराशी, तासाभराच्या कामासाठी, कायदा उभा राहायला येत नाही. तेथे घासाघीस किती करायची, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. वाया जाणारी जागा खुशाल स्वस्तात घ्यावी. माणसाची गरज तशी घेऊ नये.