पाचवे शील आणि घरातील व्यसन



त्रिसरणानंतर आपण पंचशील ग्रहण करतो. पहिली चार शीले आपण दुसऱ्याशी कसे वागावे हे सांगतात. पाचवे शील स्वतःची शुद्ध राखण्याविषयी आहे. ते मोडले की उरलेल्या चारांचा पहारेकरीच झोपी जातो. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्वतंत्रपणे आहे.

नवदीक्षित कुटुंबांतील माता-भगिनी विचारतात, "घरातून देव्हारा गेला, नवस गेले, पण घरधन्याची बाटली गेली नाही. आता काय करावे?" उत्तर चार आर्यसत्यांतच आहे.

पहिले सत्य दुःखाचे. सिगाल या गृहपतिपुत्राला तथागतांनी मद्यपानाचे सहा तोटे सांगितले: धननाश, भांडणांची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. आजचे वैद्यकही हेच सांगते. दारूने यकृत निबर होते, पोटात पाणी साठते. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग होतो. गर्दची मात्रा वाढली की श्वासच थांबतो; एकाच सुईने टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही व यकृताचे रोग पसरतात. विषारी गावठी दारूतील मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते. त्याने आधी दृष्टी जाते, मग प्राण. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ते बहुतेक कष्टकरी होते. पिऊन डोळ्यांपुढे धुके आले, तर झोपून राहू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.

दुसरे सत्य कारणाचे. मूळ तृष्णेत आहे, पण तिला खतपाणी समाज घालतो. गटारात उतरणारा कामगार दुर्गंधी सोसवत नाही म्हणून पितो. हमाल अंगदुखी विसरण्यासाठी पितो. बेकार पोर सोबत्यांच्या आग्रहाला बळी पडते. आणि आपण? हळदीला बाटल्या पुरवतो, जयंतीच्या मिरवणुकीत झिंगून नाचतो. ज्याने प्रतिज्ञा दिली त्याच्याच तसबिरीपुढे प्रतिज्ञा मोडतो! पुढे शरीर आणि मेंदू नशेला सरावतात. मग माणूस मजेसाठी नव्हे, हातांची थरथर थांबावी म्हणून पितो. तेव्हा तो रोगी असतो. रोग्याला शिव्याशाप देऊन रोग बरा होत नाही.

तिसरे सत्य असे की, हे दुःख थांबू शकते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून आजवर हजारो माणसे उपचार घेऊन गेली. त्यांतील बरे झालेले कित्येकजण पुढे इतरांना आधार देऊ लागले.

चौथे सत्य मार्गाचे. रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून ठेवून एकदम दारू बंद करू नका. त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडवावी. बाबा-बुवांचा अंगारा आणू नका. चहातून गुपचूप औषधही देऊ नका. काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळतो. १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. गर्दसारख्या नशेत सापडलेल्या मुलाला पोलिसांच्या भीतीने लपवू नका. अल्प मात्रेच्या प्रकरणात स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला कायद्याने खटल्यापासून संरक्षण दिले आहे.

मात्र करुणा म्हणजे मार सोसणे नव्हे. नशेत हात उगारणाऱ्यापासून माताभगिनींनी स्वतःला व मुलांना आधी वाचवावे. शेजाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

बरा होऊन आलेला पुन्हा घसरला, तर विहाराचे दार लावू नका. शील पुन्हा ग्रहण करता येते, म्हणून तर आपण ते प्रत्येक वंदनेत म्हणतो. आणि येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीने एवढे ठरवावे: मिरवणुकीत एकही पिलेला माणूस नको. वर्गणीतून उरेल त्या पैशात एका तरी रोग्याला उपचाराला न्यावे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!