बालकथेतील सावत्र आई

मुलांसाठी जुनी कथा नव्याने सांगताना तिच्यात किती फेरफार करावा, हा प्रश्न वरवर लहान दिसतो; परंतु त्यात नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. त्याचा विचार करताना जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

याकोब व विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हिमगौरीच्या रूपावर जळणारी राणी ही तिची सख्खी आई होती. हॅन्सेल व ग्रेटेल या भावंडांना रानात सोडून द्यावे, असे नवऱ्याच्या गळी उतरविणारी स्त्रीही त्यांची जन्मदातीच होती. पुढे १८१९ च्या आवृत्तीत राणी सावत्र आई झाली, आणि १८४० च्या आवृत्तीत लाकूडतोड्याची बायकोही. मात्र तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचण्याची राणीची शिक्षा १८५७ च्या अखेरच्या आवृत्तीपर्यंत कायम राहिली.

कोमल मनात मातृत्वाची प्रतिमा मलिन होऊ नये, हा हेतू आम्ही हीन मानीत नाही. आईच्या कुशीत गोष्ट ऐकणाऱ्या मुलास आईचीच भीती वाटावी, हे कोणास रुचेल? तथापि सख्ख्या आईवरून उतरविलेला दोष सावत्र आईच्या माथी आला. सवतीच्या लेकरास पोटच्या लेकराप्रमाणे वाढविणाऱ्या स्त्रिया समाजात थोड्या नाहीत. त्यांच्याही कुशीत हीच गोष्ट ऐकली जाते. त्यांचा अपराध कोणता? आणि आई गमावलेल्या मुलाने घरात आलेल्या नव्या आईकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

दुसरी हानी कथेतील सत्याची झाली. घरात भाकरी उरली नाही, म्हणून ती भावंडे रानात सोडली जातात. जन्मदातीच असे करते, तेव्हा भूक माणसास कोणत्या थरास नेते हे उमगते. सावत्र आई येताच सारे कारण तिच्या दुष्टपणात सापडते आणि भूक विसरली जाते.

भाषा सोपी करण्याचा, विस्तार आटोपण्याचा, मुलाच्या वयास न पेलणारे क्रौर्य गाळण्याचा अधिकार कथा सांगणाऱ्यास आहेच. परंतु एकाचा दोष दुसऱ्यावर घालण्यापूर्वी, तो कोणास सोसावा लागेल याचा विचार त्याने अवश्य करावा. ‘सावत्र’ हा शब्द गाळून, घरची माणसे भुकेने बेजार होऊन चुकली, एवढेच सांगितले तरी गोष्टीची रंगत उणी होत नाही. ‘त्यांनी असे का केले?’ असे मूल विचारीलच. तो प्रश्न वडीलधाऱ्यांनी टाळू नये.