दत्तक मुलाचा वारसा

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात चीनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी एका वार्ताहराच्या प्रश्नास उत्तर देताना असे जाहीर केले की, तीन पिढ्यांच्या आतील रक्ताचे नातलग आणि सावत्र मुले यांचा अपवाद सोडता चिनी मुले यापुढे परदेशी दत्तक दिली जाणार नाहीत. १९९२ साली अमलात आलेल्या कायद्याने उघडलेले आणि दीड लाखाच्या आसपास मुलांना, त्यांतही बहुतांशी मुलींना, समुद्रापार घेऊन गेलेले एक दार त्या दोन-चार वाक्यांनी बंद झाले. ज्यांची निवड होऊन मुलाचे छायाचित्रही हाती आले होते आणि महामारीमुळे ज्यांचा प्रवास २०२० पासून खोळंबला होता, अशी शेकडो कुटुंबे त्या दिवशी जेथे होती तेथेच राहिली.

या व्यवस्थेने ठरवून दिलेली वाट लांबची आणि नियमांनी बांधलेली होती. प्रथम आपल्याच गावी घराची, उत्पन्नाची, प्रकृतीची व चारित्र्याची तहकीकात होई. मग विवाहाच्या दाखल्यापासून पोलिसांच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक कागदावर साक्षांकनाची आणि चिनी वकिलातीची मोहोर उमटे. मग ते सारे बाड बीजिंगच्या मध्यवर्ती दत्तक कार्यालयाकडे रवाना होई, आणि त्यानंतर सुरू होई ती प्रतीक्षा, जी आरंभी वर्ष-सव्वा वर्षाची असे व पुढे अनेक वर्षांवर गेली. एके दिवशी एक छायाचित्र आणि प्रकृतीचा त्रोटक अहवाल येई. त्या छायाचित्रातील मुलीसाठी नवराबायको, कधी त्यांची आधीची मुले, कधी आजी-आजोबासुद्धा विमानात बसत, प्रांताच्या राजधानीत एखाद्या कचेरीत वा हॉटेलच्या दालनात मूल त्यांच्या हवाली होई, आणि अमेरिकेची कुटुंबे अखेरचा परवाना घेण्यासाठी ग्वांगझौस जात. तेथील शामियान बेटावरच्या व्हाइट स्वान हॉटेलात एका वेळी कित्येक कुटुंबे कडेवर नवी लेक घेऊन वावरताना दिसत. अनोळखी भाषेत रडणाऱ्या लेकराला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या त्या आईबापांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्याने तो अणुमात्र उणा होत नाही.

परंतु त्या मुली तेथे आल्या कशा, हा प्रश्न टाळून या यात्रेचे कौतुक करणे मला अपुरे वाटते. १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि २०१५ च्या अखेरीपर्यंत टिकलेल्या एका मुलाच्या सक्तीने आणि मुलगा हवाच या जुन्या अट्टाहासाने मिळून जन्मलेल्या मुलीस घराबाहेर काढले. आणि मूल टाकणे हा गुन्हा असल्यामुळे टाकणारा हात अंधारातच राहिला. बाजाराच्या कडेला, पुलाखाली, अनाथालयाच्या फाटकाशी सापडलेल्या या मुलींच्या कागदांत सापडल्याचे ठिकाण आणि अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख याखेरीज काही नसे. पुढे प्रत्येक परदेशी कुटुंबाने संस्थेस सुमारे तीन हजार डॉलर देणगी द्यावी असा शिरस्ता पडला, आणि जेथे पैसा आला तेथे पुरवठा करणारेही आले. २००५ मध्ये हुनान प्रांतातील हंगयांग परिसरात उघडकीस आलेल्या प्रकरणात, काही अनाथालयांनी दलालांकडून विकत घेतलेली मुले बेवारस म्हणून नोंदवून परदेशी पाठविल्याचे सिद्ध झाले. ज्या कागदावर विसंबून एका प्रामाणिक कुटुंबाने पृथ्वीची अर्धी प्रदक्षिणा केली तो कागदच खोटा होता, आणि त्या खोटेपणाचे ओझे आज मोठ्या झालेल्या एखाद्या मुलीच्या माथी आहे, जी डीएनए चाचण्या करून आपले गाव शोधीत हिंडते आहे.

मेहरूणला बसून हे वाचताना चीन फार दूर वाटत नाही. ज्या तलावात भाद्रपदात जळगावचे गणपती विसर्जित होतात आणि ज्याच्या परिसरातील बोरांचे नाव खानदेशाबाहेरही घेतले जाते, त्या तलावाच्या काठच्या आमच्या वस्तीत मुलीविषयी आपण काय केले हे जनगणनेने लिहून ठेवले आहे: सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे जळगाव जिल्ह्यात २००१ साली ८८० मुली होत्या, २०११ साली ८४२ उरल्या. येथे कोणत्याही सरकारने एका मुलाची सक्ती केलेली नव्हती, जमीन सुपीक होती, केळीला भाव होता, शाळा-महाविद्यालये होती, आणि तरीही शासनाच्या हुकुमावाचून आपण स्वखुशीने त्याच ठिकाणी जाऊन पोहोचलो. तेथील मुलगी जन्मून टाकली गेली व निदान कोणाच्या तरी कडेवर गेली. येथील मुलगी यंत्राच्या पडद्यावर दिसली आणि तेथेच संपली. हे लिहिताना लेखणी जड होते, पण दत्तकाचा विचार करणाऱ्या खानदेशी माणसाने येथूनच आरंभ केला पाहिजे.

दत्तकाची प्रथा आपल्याकडे पुरातन आहे, आणि तिचा हेतू मुलाचे कल्याण हा क्वचितच होता. पिंडदान करणारा हात असावा, वतनाला वारस असावा, गादी रिकामी राहू नये, यासाठी दत्तक होता. धुळ्याच्या सीमेपलीकडे मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावातून एका शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. त्याने पुढे आपल्या राज्यात सक्तीचे शिक्षण आणले हे आपले भाग्य, परंतु निवड झाली ती गादीसाठी. आमच्या जिल्ह्यातील पारोळ्याच्या जहागिरदार घराण्याचे ज्या झाशीच्या नेवाळकरांशी नाते, त्या घराण्यात १८५३ साली गंगाधररावांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला, कंपनी सरकारने तो नामंजूर करून राज्य खालसा केले, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. या साऱ्या कथांत दत्तक गेलेल्या पोराला काय वाटले हे कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतच नव्हती. मुलगी तर दत्तक घेताच येत नसे; हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने १९५६ साली ते दार उघडले, तोवर धर्मशास्त्राच्या लेखी दत्तक म्हणजे पुत्रच. या रीतीबाहेर पडण्याचे धैर्य १८७४ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दाखविले: त्यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहात आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी आपले केले, त्याला यशवंत हे नाव दिले, आणि पुढे तो डॉक्टर झाला. गादी नाही, वतन नाही, जातीचा मेळ नाही. मुलाला घर हवे होते एवढेच कारण.

चीनकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या आधी अशीच कुटुंबे आपल्या दाराशी येत होती, हे आज फारसे कोणी आठवत नाही. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात एक मुलगी जन्मली आणि ससून रुग्णालयाशी संलग्न असलेल्या श्रीवत्स या संस्थेत आली. तिचे नाव लैला ठेवले होते. मूळ मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्लिश पत्नी सू हे दांपत्य त्या वेळी अमेरिकेत राहत होते. एक मुलगी त्यांनी भारतातूनच आधी दत्तक घेतलेली होती, आता मुलगा हवा होता, आणि त्या शोधात ते पुण्यास पोहोचले असता अवघ्या काही आठवड्यांच्या या मुलीने त्यांचा विचार बदलला. तिची लिसा झाली, अमेरिका व केनिया करीत कुटुंब सिडनीस स्थिरावले, बापाने अंगणात तिच्या हाती बॅट दिली, आणि लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाचा एक आधारस्तंभ झाली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी ही दुहेरी कामगिरी करणारी पहिली स्त्री ती. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर विश्वचषक जिंकून तिने निवृत्ती जाहीर केली. मला या चरित्रात विजयापेक्षा अधिक मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, आपण कोठे जन्मलो, कोणत्या संस्थेत होतो आणि कोणी आपल्याला घरी नेले हे तिला ठाऊक होते, मोठेपणी ती पुण्याच्या त्या संस्थेत जाऊन आली, आणि हे सारे तिने जगापुढे मोकळेपणाने सांगितले. तिच्या आईबापांनी तिला घर दिले आणि त्याबरोबर तिची हकीकतही दिली.

परंतु सर्वांच्या नशिबी स्थळेकर नव्हते. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून परदेशी जाणाऱ्या भारतीय मुलांच्या हेळसांडीची कैफियत मांडली, आणि न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ च्या निकालात नियम घालून दिले: मूल आधी देशातच द्यावे, ते न जमल्यास बाहेर, मान्यताप्राप्त संस्थेवाचून व्यवहार होऊ नये, जन्मदात्रीवर दडपण नसावे व तिला फेरविचाराची मुदत मिळावी. त्यातून १९९० मध्ये केंद्रीय दत्तक प्राधिकरण निघाले, २००३ मध्ये भारताने परदेशी दत्तकाविषयीच्या हेग कराराला मान्यता दिली, २०१५ मध्ये बाल न्याय कायदा नव्याने आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविला. नियम झाले तरी पुण्यातील एका संस्थेची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी होण्याची वेळ आलीच. चीनचे व आपले दुखणे मुळात एकच होते. घेणाऱ्यांची घाई मोठी, देणाऱ्या स्त्रीचा आवाज लहान, आणि मधल्या माणसाच्या हाती कागद. नेदरलँड्सने २०२१ मध्ये जुन्या गैरव्यवहारांचा अहवाल आल्यावर परदेशी दत्तके थांबविली, ती याच कारणाने.

म्हणून परदेशी दत्तक सरसकट बंद करावे असे मला वाटत नाही, आणि याचे कारण आपल्याच आकड्यांत आहे. २०२१-२२ मध्ये देशात २,९९१ मुले दत्तक गेली, परदेशी ४१४. देशातील त्या मुलांत १,६९८ मुली होत्या व १,२९३ मुलगे, ही गोष्ट मन सुखावणारी आहे, जरी संस्थांत मुलीच अधिक येतात हे तिच्यामागचे दुःख विसरता येत नाही. नोंदणी करून वाट पाहणाऱ्या पालकांची संख्या पुढे ३० हजारांवर गेली, आणि दत्तक देण्यास मोकळी ठरलेली मुले दोन हजारांच्या आसपास राहिली. तरीही त्या दोन हजारांपैकी पुष्कळांना कोणी घेत नाही, कारण ती पाच-सात वर्षांची आहेत, किंवा दोन भावंडे एकत्र आहेत, किंवा एखाद्याचे ओठ दुभंगलेले, एखाद्याचे हृदय अधू, एखाद्यास ऐकू येत नाही. आपल्याला तान्हे, निरोगी, शक्य तर आपल्या वर्णाचे मूल हवे असते. नाकारलेल्या त्या लेकरांसाठी स्पेनचे, इटलीचे, अमेरिकेचे कुटुंब विमानात बसून येते, शस्त्रक्रियेचा खर्च सोसते आणि त्याला शाळेत घालते. जोवर आपण ती मुले घेत नाही, तोवर त्यांचा परदेशचा रस्ता अडविण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र मूल जळगावात राहो वा जेनोव्हास जावो, त्याच्याबरोबर त्याची खरी हकीकत गेलीच पाहिजे. पूर्वी दत्तकाला वतन मिळे, आजच्या दत्तकाचा पहिला वारसा ही हकीकत आहे: कोठे जन्मला, कोणत्या परिस्थितीत, कोणी कोणत्या तारखेस कोणाच्या स्वाधीन केला. आपल्या नियमांनुसार अठरा वर्षांचे झालेले दत्तक मूल आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करू शकते. जन्मदात्रीने नाव उघड न करण्याची इच्छा नोंदविली असेल तर तिची संमती लागते, आणि ते योग्यच आहे. पण शोध घेण्यास दप्तरात काही असावे लागते. काटेरी झुडपात, बसस्थानकावरच्या पिशवीत, देवळाच्या पायरीवर ठेवलेल्या मुलाला, ते वाचले तरी, हा वारसा मिळत नाही. आणि दवाखान्यातून परस्पर, मुद्रांकावर दोन सह्या करून नेलेल्या मुलाला तर मुळीच नाही, शिवाय असा व्यवहार करणाऱ्यास कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मूल विकल्यास ती पाच वर्षांपर्यंतची आहे.

जी स्त्री मूल वाढवू शकत नाही तिच्यासाठी कायद्याने ठेवलेली वाट खानदेशात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ती येथे मांडतो. प्रत्येक जिल्ह्याप्रमाणे जळगावात व धुळ्यातही बालकल्याण समिती आहे. त्या समितीपुढे मूल स्वाधीन करणाऱ्या आईचे नाव गुप्त राहते, तिला फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते, त्या मुदतीत मूल परत नेता येते, आणि परिस्थितीने हतबल होऊन मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना कायदा गुन्हेगार मानत नाही. १०९८ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, त्याला पैसे पडत नाहीत. वाचकहो, केळीच्या मळ्यात, कापसाच्या जिनिंगमध्ये, महाविद्यालयाच्या वसतिगृहात वा तुमच्याच आळीत अशी एखादी बाई भीतीने गप्प बसलेली तुम्हाला ठाऊक असेल, तर तिला हे सांगा, आणि ती एकटी जाण्यास कचरत असेल तर समितीच्या कचेरीपर्यंत तिच्यासोबत जा.