साठ पायऱ्यांचे बळ

निझामी या फारसी कवीने 1197 साली गंजा शहरात ‘हफ्त पैकर’ हे काव्य पूर्ण केले. त्यात इराणचा राजा बहराम गूर आणि चंग हे तंतुवाद्य वाजवणारी त्याची दासी फित्ना यांची एक कथा आहे. शिकारीच्या वेळी फित्नाने राजाला आव्हान दिले आणि त्याने एकाच बाणात रानगाढवाचा खूर आणि डोके जखडून दाखवले. आता ती तोंडभरून वाखाणील असे त्याला वाटले. फित्ना एवढेच म्हणाली, की यात बळाचे काही नाही, हा सराव आहे. राजाला हे बोल झोंबले. त्याने एका सरदाराला तिचा जीव घेण्याचा हुकूम दिला. त्या भल्या माणसाने तिला गुपचूप आपल्या गावाकडच्या वाड्यात ठेवले.

वाड्याच्या माथ्यावर जायला साठ पायऱ्या होत्या. गोठ्यात नुकतेच जन्मलेले एक वासरू होते. फित्ना त्याला खांद्यावर घेऊन रोज त्या पायऱ्या चढू लागली. वासरू वाढत गेले आणि तिचे बळही वाढत गेले. सहा वर्षांनी राजा त्या वाड्यात पाहुणा म्हणून आला, तेव्हा चेहरा झाकलेली एक स्त्री भला थोरला बैल खांद्यावर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. राजा म्हणाला, हे बळ नव्हे, वर्षानुवर्षांचा सराव आहे. तिने विचारले, मग माझा बैल सरावाचा आणि तुमचा बाण तेवढा पराक्रमाचा, असे का? राजाने तिला ओळखले, चूक कबूल केली आणि तिच्याशी विवाह केला.

निझामीच्या आधीचा फारसी कवी फिरदौसी याच्या ‘शाहनामा’त या दासीचे नाव आझादा आहे आणि राजा तिला उंटाच्या पायाखाली तुडवतो. सुमारे दोन शतकांनंतर निझामीने तिला जिवंत ठेवले, तिला सहा वर्षांचा काळ दिला आणि तिच्या तोंडी न्यायाचा प्रश्न घातला.

पुढे मंगोलांचे लोंढे आले. निशापूर, मर्व ही भरलेली शहरे उद्ध्वस्त झाली. 1258 मध्ये मंगोल राजपुत्र हुलागूने बगदाद जिंकले. पण त्याच हुलागूच्या राजवटीत मरागा येथे खगोलशास्त्रज्ञ नासिरुद्दीन तुसीची वेधशाळा उभी राहिली, आणि त्याच्या वंशजांच्या आश्रयाने तबरीझमध्ये फारसी ग्रंथांना नवे दिवस आले. जेत्यांनी इराणी लोकांकडून दफ्तर, काव्य आणि चित्रकला घेतली. त्यांनी सोबत आणलेली एक गोष्ट मात्र इराणी नगरवासीयांना नवी होती. मंगोल मुली मुलांप्रमाणेच लहानपणापासून घोड्यावर बसत आणि पुष्कळजणी धनुष्यही चालवत. छावणी हलवायची तर तंबू, गाड्या, जनावरे बायकांच्याच हाती असत. त्यांच्या राजकन्या उघड्या चेहऱ्याने दरबारात बसत. याच काळात इराणातल्या किरमान प्रांतावर तुर्कान खातून हिने सुमारे पाव शतक राज्य केले.

इराणच्या मंगोल दरबारातला वजीर रशीदुद्दीन मूळचा वैद्य. गाझान खानाच्या आज्ञेवरून त्याने मंगोलांचा मोठा इतिहास फारसीत लिहिला. त्यात मध्य आशियातल्या कैदू खानाची मुलगी खुतुलून भेटते. ती तरुण मुलांसारखी वावरे, वडिलांबरोबर मोहिमांवर जाई आणि युद्धात पराक्रम गाजवी. तिच्याविषयी प्रवासी मार्को पोलोनेही लिहिले आहे. जो कुस्तीत हरवील त्यालाच वरीन, आणि हरेल त्याने शंभर घोडे द्यावेत, असा तिचा पण होता. तिला कोणी हरवू शकले नाही, आणि घोड्यांची संख्या दहा हजारांवर गेली, असे तो सांगतो. आकड्यात अतिशयोक्ती असेल, पण तिच्या बळाचा लौकिक दूरवर पोहोचला होता हे खरे. वडील गेल्यावर मात्र राज्यकारभारात बोलू पाहणाऱ्या या स्त्रीला, तू आपली सुई-कात्री सांभाळ, असे सुनावले गेले. रशीदुद्दीनने तेही नोंदवून ठेवले आहे.

फित्ना कवीच्या कल्पनेतली आणि खुतुलून इतिहासातली. दोघींकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. बाईचे शरीर कुठेच कमी पडले नाही. तिला सरावाची मुभा कोण देतो आणि तिने कमावलेले बळ मान्य कोण करतो, यावर सारे अडत आले. त्याच इराणात पैलवानांचे जोरखाने, म्हणजे व्यायामशाळा, शतकानुशतके चालले, पण त्यांचे दार परंपरेने पुरुषांपुरतेच उघडे राहिले. इराणच्या किमिया अलीझादेहने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा ऑलिंपिक पदक मिळवणारी ती त्या देशातली पहिली स्त्री ठरली.

घरकाम करणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असे आपण सहज बोलतो. पण श्रम आणि व्यायाम यांत मोठा फरक आहे. मागावर वाकून तासन्‌तास गालिचा विणणारी इराणी बाई दिवसभर श्रमते, आणि त्या श्रमाने तिची पाठ दुखू लागते. काम किती करायचे, कधी थांबायचे, हे तिच्या हाती नसते. व्यायामात ओझे आपण निवडतो, बेताबेताने वाढवतो आणि शरीराला सावरायला वेळ देतो. फित्नाने नेमके हेच केले. पहिल्याच दिवशी ती बैल उचलायला गेली नाही. आणि ते वासरू तिने कोणाच्या हुकमाने नव्हे, आपल्या निश्चयाने उचलले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करायला सांगते. हा सल्ला स्त्री आणि पुरुष दोघांसाठी एकच आहे. वय वाढताना, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, स्त्रीची हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणून तिला तर या बळाची फारच गरज आहे. बारीक दिसण्यासाठी केलेला व्यायाम कौतुक थांबले की थांबतो. आपले शरीर आपल्या कामी यावे म्हणून केलेला व्यायाम आयुष्यभर साथ देतो.

तेव्हा आज सकाळी एवढे करा. घरातली मुलगी मैदानावर निघाली तर ऊन लागेल, रंग काळवंडेल या धास्तीने तिला अडवू नका. आई, पत्नी, सून फिरायला किंवा व्यायामाला निघाली तर चहा-डब्याची जबाबदारी कुणीतरी दुसऱ्याने घ्या. आणि ताई, तुम्ही स्वतः हे वाचत असाल, तर दिवसातला अर्धा तास कोणाची परवानगी न मागता आपल्या शरीरासाठी राखून ठेवा. सुरुवात हलकी असू द्या. खंड मात्र पडू देऊ नका.