पुढे काय झाले?

नवविधा भक्तीची गणना करताना प्रल्हादाने श्रवणास पहिले स्थान दिले, हे आमच्या श्रोतृवर्गास नव्याने सांगावयास नको. श्रवणाने तरला कोण, तर राजा परीक्षिती. सातव्या दिवशी तक्षकाचा दंश ठरलेला, राजा गंगातीरी बसलेला, अन्नपाण्याची शुद्ध नाही, आणि शुकाचार्य क्षणभर थांबले की हा विचारतो, "महाराज, पुढे काय झाले?" नैमिषारण्यात शौनकादिक ऋषींचेही तेच. सांगून सांगून सूत दमेल, पण ऐकणारे दमत नाहीत. अहो, अठरा पुराणांचा एवढा विस्तार झाला तो या एका प्रश्नाच्या पोटी!

हाच प्रश्न आज घरोघर विचारला जातो. वेळ तेवढी सायंकाळी सात ते रात्री दहाची, आणि व्यासपीठावर दूरदर्शनचा पडदा.

नागपूरच्या उत्तर भागात जरीपटका म्हणून वस्ती आहे. नाव मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचे, आणि वस्ती बव्हंशी १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून आलेल्या बांधवांची. शेजारी इंदोरा. मधूनमधून मराठी घरे आहेत, त्यांपैकी एका घरी चातुर्मासात आमचे प्रवचन असते. घरच्या बाई पन्नाशीच्या, हरिपाठ मुखोद्गत, टाळ हाती घेतला की चुकायचा नाही. पण साडेसातचा सुमार झाला की दृष्टी घड्याळाकडे! मालिकांविषयी त्यांचा व्यासंग असा, की एखाद्या शास्त्र्याने हेवा करावा. कोणती मालिका कोणत्या वाहिनीवर, कोणती आता गुंडाळणार, तिच्या जागी कोणती येणार, येणारीची नायिका मागे कोणत्या मालिकेत दुष्ट जाऊ होती, सारे जिभेच्या टोकावर. नव्या मालिकेची अर्ध्या मिनिटाची झलक दिसली की तेवढ्यावरून पुढच्या सहा महिन्यांचे कथानक सांगतात. ते बहुधा खरेही ठरते, असे त्यांचे यजमान म्हणाले.

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका झी मराठीवर २०१६ ते २०२१ पर्यंत चालली. तिचा विषय निघाला तेव्हा बाईंचे डोळे चमकले. "राधिका आपली नागपूरची पोरगी होती न जी!" नागपुराकडची बोली तोवर पडद्यावर यायची ती बहुधा हसण्यासाठी. ती नायिकेच्या मुखी आली, घर सांभाळणारी, फसवली गेलेली आणि मसाल्याच्या धंद्यातून उभी राहिलेली बाई ती बोलू लागली, याचा आनंद आम्ही क्षुल्लक मानीत नाही. गीतार्थ मराठीत आला तेव्हा येथल्या माणसाला काय वाटले असेल, त्याचा लहानसा कवडसा या आनंदात आहे. उपमा मोठी झाली खरी, पण राहू द्या.

तर या बाईंनी निरूपण संपल्यावर विचारले, "महाराज, खरं सांगा जी, मालिका पाह्यणं पाप हाय का?"

मंडळीत दोघे-तिघे वृद्ध होते. त्यांनी आमच्या आधीच माना डोलविल्या: पाप, पाप! असे सरसकट बोलणे आम्हांस रुचत नाही. याच मंडळींनी २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागरांचे 'रामायण' दर रविवारी सकाळी पाहिले आहे. स्नान करून बसत, पेटीला हार घालीत, उदबत्ती लावीत. रस्ते ओस पडत. पुढे २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले. त्याचे संवाद राही मासूम रझांचे. व्यासांची कथा मुसलमान कवीच्या लेखणीतून उतरली म्हणून तेव्हा कोणी नाक मुरडले असेल. शेख महंमदांना संतमालिकेत बसविणाऱ्या आम्हां वारकऱ्यांस त्यात नवल नव्हते. आणि २०२० साली टाळेबंदीत २८ मार्चपासून तेच 'रामायण' पुन्हा दाखविले गेले. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. त्याच काळात मालिकांचे चित्रीकरणही थांबले आणि वाहिन्या जुने भाग लावीत राहिल्या. तेव्हा एकट्या पडलेल्या कित्येक म्हाताऱ्यांना त्या पडद्याखेरीज बोलणारे कोण होते?

शास्त्र काय म्हणते ते पाहू. भरतमुनींनी नाट्यास पाचवा वेद म्हटले. नाटकातल्या दुःखाने प्रेक्षक रडतो, तरी त्याला ते हवेसे कां वाटते? भट्टनायकांनी उत्तर दिले ते साधारणीकरणाचे. रंगावरचे दुःख 'माझे' नसते, 'शेजाऱ्याचे'ही नसते. ते मनुष्यमात्राचे होते, म्हणून त्यात स्वार्थाचा काटा नसतो. पुढे अभिनवगुप्तांनी हाच विचार खोलवर नेला. तेव्हा पडद्यावरच्या सुनेसाठी आलेले अश्रू खोटे नव्हेत. घटकाभर मी-माझे गळून पडते, ही काय थोडी गोष्ट झाली?

मग अडते कोठे? अडते ते कथेच्या कर्त्यापाशी. भारताचा कर्ता व्यास. कोणास केव्हा मारावयाचे, कोणास वनवासास धाडावयाचे, कथा कोठे थांबवावयाची, हे त्याने कथेला विचारून ठरविले. मालिकेचे तसे नाही. निवडक घरांत यंत्रे बसविलेली असतात. कोणती वाहिनी किती जणांनी पाहिली याचा हिशेब आठवड्याच्या आठवड्याला निघतो, त्यास टी.आर.पी. म्हणतात. त्या अंकावर जाहिरातींचा भाव ठरतो. तासात बारा मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवू नयेत असा नियम आहे. एरवी त्या कथेलाच गिळत्या. अंक चढता असला तर दुष्टाला शासन व्हावयाचे नाही, हरवलेला मुलगा सापडावयाचा नाही, सासूचे मन वळले तरी पुन्हा फिरेल. अंक उतरला की सगळ्यांची पापे पंधरा दिवसांत फिटतात आणि मालिका आटोपते. 'आई कुठे काय करते' ही डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षे चालली. परीक्षितीला सात दिवस होते, आणि ते सातच आहेत हे त्याला माहीत होते. आमच्या बाईंना पाच वर्षे गेली हे कळलेसुद्धा नाही. "अगं बाई, पाच वर्स झाली?" असे म्हणून त्या बोटे मोजीत बसल्या.

संतचरित्रांवरील मालिकांत आणखी एक घोळ आहे. तुकोबारायांवर 'तू माझा सांगाती' कलर्स मराठीवर २०१४ ते २०१८ या काळात झाली. भक्तीने केलेली होती, आम्हीही काही भाग पाहिले. पण महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला त्यात तुकोबांची कथा काही अध्यायांत मावते; ती रोज दाखवून वर्षानुवर्षे चालवावयाची तर मधली जागा भरावीच लागते. भरा, हरकत नाही. मात्र भरलेले कोणते आणि मुळातले कोणते, हे ओळखण्यासाठी घरात पोथी उघडलेली असावी. हल्ली आमच्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे प्रमाण एकच: "आम्ही मालिकेत पाहिलं."

असो. बाईंना आम्ही एवढेच विचारले, "या भिंतीपलीकडे कोण राहते?" त्या म्हणाल्या, सिंधी कुटुंब आहे, चांगली माणसे, त्यांच्या सुनेशी रोज बोलणे होते. ती हिंदी मालिका पाहते, आम्ही मराठी. भिंतीवरून एकमेकींना कथा सांगतो. "आणि त्यांच्या घरात म्हातारे कोणी?" "अम्मा हायेत. पंच्याऐंशीच्या वर वय असन." अम्मा कोठून आल्या, कशा आल्या, बरोबर कोण होते? बाईंना माहीत नव्हते. पंचवीस वर्षांचा शेजार होता. पडद्यावरच्या नायिकेचे माहेर, तिच्या आत्याचे सासर, तिच्या नवऱ्याचे पहिले प्रेम, सगळे पाठ, आणि सात पावलांवर बसलेल्या म्हातारीला "पुढे काय झाले?" असे कोणी एकदाही विचारलेले नाही. घरातल्या सुनेनेही नाही. आम्ही पापपुण्याविषयी आणखी काही बोललो नाही.

पुढच्या एकादशीस गेलो तेव्हा बाईंनी आपणहून सांगितले. वाटीभर खीर घेऊन त्या अम्मांकडे गेल्या होत्या. अम्मांनी आधी 'बुनियाद'चे नाव काढले. फाळणीवरची ती मालिका दूरदर्शनवर १९८६-८७ साली होती. दिग्दर्शक रमेश सिप्पी स्वतः कराचीचे. साऱ्या गल्लीने पाहिली, पण अम्मा म्हणाल्या, ते घर लाहोरचे होते, आमच्या सिंधचे कोण दाखवणार? मग स्वतःच सांगू लागल्या. घराला कुलूप लावून वडिलांनी किल्ली शेजाऱ्याकडे दिली, महिनाभरात परत येऊ म्हणून. कराचीच्या बंदरात तीन दिवस बोटीची वाट पाहिली. आईने शिवणाचे यंत्र बरोबर आणले होते, ते धक्क्यावरच ठेवून यावे लागले. धाकटा भाऊ अंगाने तापला होता. येथवर आल्यावर अम्मांना झोप लागली.

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्याही. भिंतीपलीकडची सून आता पोळ्या लाटता लाटता ऐकते. मालिका सुटली म्हणाल तर मुळीच नाही. राहिलेला भाग बाई सकाळी मोबाईलवर पाहतात, आणि येत्या महिन्यात सुरू होणाऱ्या नव्या मालिकेविषयीही त्यांनी आम्हांस सविस्तर सांगितले. अम्मा रोज थोडेच बोलतात, मध्येच जपात जातात. बोट मुंबईच्या धक्क्यास लागली आहे, भावाचा ताप उतरलेला नाही, आणि कल्याणच्या छावणीत नाव लिहून घेणारा कारकून वडिलांना गावाचे नाव विचारतो आहे, येथपर्यंत कथा आली आहे.